विलायती की इथली? गाडीचा हिशेब आणि बसण्याचं सुख

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की दोन विषय हमखास कानावर पडतात. पहिला घरांच्या किमती आणि दुसरा गाडी. पहिल्या विषयावर सगळ्यांचं एकमत असतं, ते म्हणजे दहा वर्षं आधी घ्यायला हवं होतं. दुसऱ्या विषयावर मात्र दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "एकदा जर्मन गाडी चालवलीत ना, की दुसरी चालवावीशी वाटणार नाही." दुसरा म्हणतो, "अहो, आमची कमोडोर साडेतीन लाख किलोमीटर चालली, बॉनेट उघडलं ते फक्त ऑइल बदलायला." दोघंही खरं बोलत असतात, पण अर्धंच. पहिला सुखाबद्दल बोलतो आणि खर्चाचं नाव काढत नाही. दुसरा खर्चाबद्दल बोलतो आणि सुखाचा विषय आला की नेमका पापड घ्यायला पुढे सरकतो. या लेखात दोन्ही बाजू एकाच वहीत मांडून बघू.

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियन गाडी आता बनते कुठे? खरं आहे. मित्सुबिशीने ॲडलेडचा कारखाना मार्च २००८ मध्ये बंद केला. ब्रॉडमेडोजमधून शेवटची फोर्ड फाल्कन ७ ऑक्टोबर २०१६ ला बाहेर पडली. टोयोटाने आल्टोनातलं उत्पादन ३ ऑक्टोबर २०१७ ला थांबवलं, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला एलिझाबेथमधून शेवटची होल्डन कमोडोर निघाली. पण कारखाना बंद झाला म्हणून गाड्या रस्त्यावरून गेल्या नाहीत. नव्याने आलेली जोडपी पहिली गाडी शोधतात तेव्हा, आणि आपली मुलं पी प्लेट लावून पहिली गाडी मागतात तेव्हा, आठ-दहा हजार डॉलरच्या जाहिरातींत एकीकडे जुनी कमोडोर, फाल्कन किंवा कॅमरी असते आणि दुसरीकडे जवळजवळ त्याच भावात चकचकीत जुनी बीएमडब्ल्यू किंवा ऑडी. प्रश्न तिथेच उभा राहतो. आणि नवी गाडी घेणाऱ्यालाही या जुन्या भांडणातून शिकण्यासारखं बरंच आहे.

जन्म कुठला, घर कुठलं

खरं तर युरोपियन गाडी ही आपल्याला नवलाई नाही. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ही मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. अँबॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. दोन्ही अस्सल युरोपियन, पण "युरोपियन आहे, परवडणार नाही" असं त्यांच्याबद्दल कुणी म्हटलं नाही. कारण उघड आहे. पद्मिनीचा पार्ट कुर्ल्यात मिळायचा आणि ती उघडून बसणारा मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर होता. गाडीचं कुळ इटलीचं असलं तरी घर मुंबईचं झालं होतं.

ऑस्ट्रेलियातही हेच घडलं. २९ नोव्हेंबर १९४८ ला पंतप्रधान बेन चिफली यांच्या उपस्थितीत मेलबर्नच्या फिशरमन्स बेंडला पहिली होल्डन लोकांसमोर आली, किंमत ७३३ पौंड. तिचा आराखडा अमेरिकन होता. १९६० ची पहिली फाल्कनही अमेरिकन. तिचं पुढचं सस्पेन्शन इथल्या खडबडीत रस्त्यांवर टिकेना, तेव्हा फोर्डला ती मजबूत करावी लागली. लोकांचा विश्वास परत मिळवण्यासाठी १९६५ मध्ये कंपनीने जीलाँगजवळच्या यू यांग्जच्या चाचणी रस्त्यावर फाल्कन ७० हजार मैल पळवून दाखवली.

आणि आपली लाडकी कमोडोर? १९७८ मध्ये ती बाजारात आली तेव्हा मुळात जर्मनीची ओपेल होती. जर्मन रस्त्यांसाठी केलेला तो सांगाडा इथल्या कच्च्या रस्त्यांच्या चाचण्यांत तडकला, म्हणून होल्डनच्या इंजिनिअरांनी तो ठिकठिकाणी मजबूत करून घेतला. फाल्कनचा २००५ नंतरचा सहा गिअरचा नावाजलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा. उलट व्होक्सवॅगनची बीटल एके काळी मेलबर्नच्या क्लेटनमध्ये तयार व्हायची, त्याच क्लेटनमध्ये जिथे आज आपण वाणसामान आणायला जातो.

तेव्हा "युरोपियन" आणि "ऑस्ट्रेलियन" हा भेद रक्ताचा नाही. गाडी स्वस्त पडेल की महाग, हे ती जन्मली कुठे यावर ठरत नाही. ती जिथे चालते तिथे किती जणांना उघडता येते, यावर ठरतं. हे सूत्र हातात ठेवून आता खर्चाकडे वळू.

न दिसणारा खर्च

गाडीचा सर्वांत मोठा खर्च कधी बिल घेऊन दारात येत नाही. तो म्हणजे घसारा. आर.ए.सी.व्ही.सारख्या मोटार संघटनांनी वर्षानुवर्षं प्रसिद्ध केलेल्या खर्चाच्या तक्त्यांत, नव्या गाडीच्या बाबतीत, पेट्रोल आणि सर्व्हिसिंगपेक्षा घसाराच सहसा वरचढ दिसतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. ७० हजार डॉलरची युरोपियन गाडी पाच वर्षांत निम्म्यावर आली, तर ३५ हजार गेले, म्हणजे वर्षाला ७ हजार. ४० हजारांची ऑस्ट्रेलियन गाडी पाच वर्षांत तब्बल ६० टक्के उतरली, तर २४ हजार गेले, म्हणजे वर्षाला ४,८००. टक्केवारीत ऑस्ट्रेलियन गाडी जास्त आपटली, पण खिशातून डॉलर जास्त गेले ते युरोपियन गाडीत. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरले तर एकीकडे किलोमीटरमागे ४७ सेंट आणि दुसरीकडे ३२ सेंट, आणि तेही पेट्रोलचा एक थेंब न जाळता.

कमोडोर आणि फाल्कन इतक्या झपाट्याने का उतरायच्या, याचंही कारण आहे. सरकारी खाती आणि कंपन्या त्या गठ्ठ्याने घ्यायच्या आणि दोन-तीन वर्षांनी गठ्ठ्यानेच लिलावात काढायच्या. पहिल्या मालकाला ते महाग पडायचं, पण दुसऱ्या मालकाची चंगळ व्हायची. नव्वदीत आणि त्यानंतर इथे आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची पहिली गाडी अशा लिलावातली पांढरी सेडान होती.

याउलट जुनी युरोपियन गाडी. सात वर्षांनी ७० हजारांची गाडी १८ हजारांना मिळते म्हणून माणूस हुरळतो. पण एक गोष्ट तो विसरतो. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट, सेन्सर, एअर सस्पेन्शन, सगळं ७० हजारांच्या गाडीच्याच भावात येतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण जणू जुन्या लक्झरी गाडीसाठीच केलेली आहे.

पेट्रोल, गिअरबॉक्स आणि कर

युरोपियन गाडीचा ॲव्हरेज चांगला, हा दावा बहुतांशी खरा आहे. लहान टर्बो इंजिन आणि हलकं शरीर, त्यामुळे पेट्रोल कमी लागतं. पण या गाड्यांना सहसा ९५ किंवा ९८ ऑक्टेनचं महाग पेट्रोल पाजावं लागतं. कमोडोर-फाल्कनची साधी सिक्स-सिलिंडर इंजिनं ९१ वर खूश असतात. फाल्कन तर एलपीजीवरही यायची, म्हणून टॅक्सीवाल्यांची ती आवडती.

पुन्हा समजुतीपुरता हिशेब. १५ हजार किलोमीटरला फाल्कनने शंभरी ११ लिटर खाल्ले तर १,६५० लिटर. लिटरला १.८० डॉलर धरले तर २,९७० डॉलर. युरोपियन गाडीने शंभरी ८ लिटर खाल्ले तर १,२०० लिटर. महाग पेट्रोलचे २.०५ धरले तर २,४६० डॉलर. वर्षाला ५१० डॉलर वाचले. छान! पण आठ वर्षांत वाचलेले हे चार हजार डॉलर गिअरबॉक्सच्या एका मोठ्या दुरुस्तीत जाऊ शकतात. बचत थेंबाथेंबाने येते आणि खर्च मात्र बादलीने.

ही भीती काल्पनिक नाही. व्होक्सवॅगनला जून २०१३ मध्ये दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ऑस्ट्रेलियात हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. डिझेलच्या धुराच्या चाचणीत केलेल्या फसवणुकीबद्दल डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने तिला १२.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पण लगेच टाळ्या वाजवू नका. "आमची फोर्ड" म्हणून ज्यांनी आयात केलेली फोकस, फिएस्टा किंवा इकोस्पोर्ट घेतली, त्यांच्याही वाट्याला दोन क्लचच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या तक्रारी आल्या. त्या तक्रारींना दिलेल्या वागणुकीबद्दल कोर्टाने एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी डॉलरचा दंड केला. इथे तयार झालेल्या गाड्याही काही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. २००६ च्या व्ही.ई. कमोडोरच्या सुरुवातीच्या व्ही-६ इंजिनांची टायमिंग चेन ताणली जाते, हे मेकॅनिक लोकांना तोंडपाठ आहे. फरक इतकाच, की ती चेन बदलणारा माणूस वाग्गातही मिळतो आणि वाग्गा-वाग्गातही.

कराची बाजूही पाहू. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आयात गाडीवर ५७.५ टक्के जकात होती. ती उतरत २००० मध्ये १५, २००५ मध्ये १० आणि २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आली. त्यामुळे युरोपियन गाड्या आवाक्यात आल्या आणि इथले कारखाने अडचणीत. त्यात १ जुलै २००० पासून जीएसटीबरोबर लक्झरी कार टॅक्स आला. ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर आधी २५ टक्के आणि २००८ पासून ३३ टक्के. इथले कारखाने बंद पडले तरी हा कर गेला नाही. म्हणजे महागड्या गाडीच्या किमतीतला एक हिस्सा जर्मन कारागिरीचा नसून कॅनबेराचा असतो, एवढं लक्षात असू द्यावं.

सुख कशाला म्हणायचं?

आता सुखाकडे. इथे युरोपियन गाडीला मान द्यायलाच हवा. तिची सीट पहिल्या पाच मिनिटांत कडक वाटते, पण चार तासांनी उतरलात की पाठ कुरकुरत नाही. स्टिअरिंग नेमकं, ब्रेक दमदार, दार लावल्यावरचा तो गंभीर "धप्प" आवाज. मेलबर्न ते सिडनी सुमारे ८८० किलोमीटर. ह्यूम हायवे २०१३ पासून पूर्ण चौपदरी झालेला आहे. तिथे चालवणाऱ्याला युरोपियन गाडीसारखं सुख नाही.

पण ह्यूम सोडून आडवळणाला लागलात, की चित्र पालटतं. इथले ग्रामीण डांबरी रस्ते जाड खडीचे. मोठी चाकं आणि पातळ टायर लावलेली युरोपियन गाडी तिथे आतून घुमायला लागते. मागे बसलेल्या आजीला रेडिओवरचं गाणं ऐकू येत नाही. नंतरच्या कित्येक बीएमडब्ल्यूंना स्टेपनीच नाही. पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असतात. म्युनिकमध्ये "थोडं अंतर" म्हणजे पुढचं गॅरेज. नलारबोरवर "थोडं अंतर" म्हणजे काहीच नाही.

सुख हे चालवणाऱ्याचंच धरायचं का, हाही प्रश्न आहे. आपल्या घरातल्या गाडीत मागे कोण बसतं? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आणि मध्ये नातू. व्ही.ई. कमोडोर जवळजवळ १.९ मीटर रुंद. त्या रुंदीत तिघं ऐसपैस बसतात. मध्ये बसणाऱ्याच्या पायाशी मागच्या चाकांच्या गाडीचं ते कुबड येतं खरं, पण खांदे तरी एकमेकांवर आपटत नाहीत. डिकीत विमानतळावरून आणलेल्या चार बॅगा किंवा पिकनिकचे डबे, चटई आणि क्रिकेटचं सामान एकदम मावतं. त्याच भावातल्या युरोपियन गाडीत नेमकी मागची सीट आखूड असते, कारण तेवढ्या पैशांत त्यांची लहान गाडी येते. गुडघे धरलेल्या माणसाला मात्र या दोन्ही सेडानपेक्षा फोर्डची टेरिटरी बरी. २००४ ते २०१६ अशी बारा वर्षं ती इथे बनली. चढा-उतरायला सोपी आणि काही मॉडेलांत सात जणांची सोय.

उन्हाचंही बघा. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला होता. अशा दिवसासाठी इथल्या गाड्यांचे एसी आधीपासून तयार असायचे. जुन्या युरोपियन गाड्यांना हे शिकायला वेळ लागला, आजच्या गाड्या मात्र ते शिकल्या आहेत. आणि एक गमतीचा भाग. फाल्कन किंवा कॅमरीत वळण्याचा दिवा उजव्या हाताला, युरोपियन गाडीत डाव्या हाताला. नवी गाडी घेतलेला ओळखायचा असेल तर कडक उन्हात वळणावर कोणाचे वायपर सुरू होतात ते पाहावं!

सुरक्षितता हाही सुखाचाच भाग. तीन टोकांचा सीट बेल्ट १९५९ मध्ये व्होल्व्होने आणला, आणि तो लावण्याची सक्ती जगात सर्वांत आधी १९७० मध्ये आपल्या व्हिक्टोरियाने केली. इथे बनलेल्या गाड्यांत पाच तारे मिळवणारी पहिली गाडी २००८ ची एफ.जी. फाल्कन. तोवर या बाबतीत युरोपियन गाड्या स्पष्टपणे पुढे होत्या. म्हणून मुलासाठी जुनी ऑस्ट्रेलियन गाडी बघत असाल तर २००८ च्या आधीची केवळ स्वस्त म्हणून घेऊ नका. इथे खर्चाचा हिशेब दुय्यम आहे.

निकाल

एक शेवटचा पुरावा, आणि तो होल्डनचाच. इथला कारखाना बंद झाल्यावर २०१८ मध्ये नवी कमोडोर आली ती जर्मनीतल्या रुसेल्सहाइममध्ये तयार झालेली ओपेल होती. १९७८ मध्येही ओपेलच होती, पण तेव्हा ती इथल्या रस्त्यांवर तावून-सुलाखून, इथेच बनून आली होती. २०१८ ची गाडी वाईट नव्हती. लोकांनी तरी तिला आपलं म्हटलं नाही, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मिटवत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग आणि सर्व्हिसिंग किमान दहा वर्षं देऊ, एवढं आश्वासन मागे ठेवलं.

आज बिल्ल्यावरून काहीच कळत नाही. बीएमडब्ल्यूची एक्स-५ अमेरिकेत बनते, इथे विकल्या गेलेल्या कितीतरी मर्सिडीज सी-क्लास दक्षिण आफ्रिकेतून आल्या, व्होल्व्हो २०१० पासून चिनी मालकीची आहे, तर एम.जी. हे इंग्लिश नाव चीनमधल्या गाडीवर आहे. उलट चाकणला व्होक्सवॅगनचा कारखाना आहे आणि तुमचा एखादा भाचा तिथे कामाला असेल! सिट्रोएन शंभरावर वर्षं इथे विकली जात होती, तिनेही २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. तिच्या मालकांनी पार्ट कुठे शोधायचे?

म्हणून माझा निकाल असा. नवी गाडी, वॉरंटी असेपर्यंतच ठेवायची, घरात दोघं-तिघं, आणि घसाऱ्याचे पैसे खुशीने सोडायची तयारी असेल, तर युरोपियन गाडी जरूर घ्या. हौसेला मोल नाही, फक्त ती हौस आहे हे मान्य करा, तिला बचत म्हणू नका. घरात पाच माणसं, लांबचे प्रवास आणि एकच गाडी दहा वर्षं वापरायची असेल, तर कमोडोर, फाल्कन, टेरिटरी किंवा कॅमरी यांनी घालून दिलेला धडा पाहा: साधं इंजिन, रुंद सीट, खरी स्टेपनी आणि गावोगावी मेकॅनिक. आणि इथे येऊन वर्ष झालेलं नाही, हप्ते नुकते सुरू झालेत, तर कार पार्कमध्ये शेजारी कुणाची कोणती गाडी उभी आहे याकडे बघू नका. जुनी लक्झरी गाडी म्हणजे दाराशी बांधलेला हत्ती. घेताना स्वस्त मिळाला तरी चारा रोज हत्तीचाच लागतो.

गाडी कुठलीही असो, अगदी विजेवरची असो, सही करण्याआधी तीन फोन करा. पहिला घराजवळच्या तीन स्वतंत्र गॅरेजांना: "ही गाडी तुम्ही उघडता का?" १ जुलै २०२२ पासून कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना विकत उपलब्ध करून देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आता "फक्त शोरूमलाच जमेल" हे उत्तर सहज मान्य करू नका. दुसरा फोन पार्टवाल्याला: एक हेडलाइट, चार टायर आणि गिअरबॉक्सच्या कामाचा भाव विचारा. तिसरा विमा कंपनीला. या तीन उत्तरांची बेरीज म्हणजे गाडीची खरी किंमत. काचेवर लिहिलेला आकडा हा फक्त तिचा इसारा.